तुमच्या टाकाची चांदी

अहो,

तुम्हाला नावाने हाक कधी मारली नाही, पत्रातही ते जमणार नाही. परवा तुमचं वर्षश्राद्ध. गावी, विचुंब्याच्या घरी, देव्हाऱ्यात तुमचा टाक बसवायचा आहे. चांदीच्या एवढ्याशा पत्र्यावर ठोकून काढलेली आकृती, आणि तेच म्हणे तुम्ही! त्या टाकाला चांदी कुठली घ्यायची यावरून जे झालं, ते तुम्हाला दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी मीच सांगते.

तुम्ही जमवलेली जुनी पदकं कपाटात होती तशीच आहेत. महायुद्धाच्या काळात युद्धनिधीसाठी फुटबॉलचे, कुस्तीचे सामने भरवायचे, लोक तिकीट काढून यायचे आणि जिंकणाऱ्याला चांदीचं पदक मिळायचं, हे मला लग्नानंतर तुमच्याकडूनच कळलं. सांगायचात तर असे, जणू शिट्टी तुम्हीच वाजवली होती!

सोनारकाकांकडे मोडीत एखादं पदक आलं की ते तुम्हाला फोन करायचे. हातातला घास टाकून तुम्ही पनवेलच्या बाजारात. मुशीत जायच्या आत गाठायला हवं ना! एकदा बदल्यात द्यायला म्हणून माझ्या माहेरची चांदीची वाटी घेऊन गेलात. मी बोलणं सोडलं. तशी मी कमीच बोलते, त्यामुळे ते तुमच्या लक्षात यायलाही वेळ लागला.

"वाटी पुन्हा घडवता येईल गं," तुम्ही म्हणालात, "हा शर्यतीत पळालेला माणूस पुन्हा कुठून घडवू?"

वाटी मात्र तुम्ही काही घडवली नाहीत. असो.

मोठे भाऊजी तुम्हाला किती चिडवायचे! "शालेत कधी पललास नाय, नि लोकांचं बिल्लं जमवतोस!" तुम्ही हसून भिंग पुसायचात आणि खिडकीशी बसून झिजलेलं नाव वाचायला लागायचात. ते मुलींच्या शर्यतीचं पदक आठवतं? तिसरा क्रमांक, आडनाव पार पुसलेलं. "हिने घरी दाखवलं असेल का गं?" असं तुम्ही मला विचारलं होतंत. मला काय माहीत? पण पुढे भाजी निवडतानाही ती मुलगी माझ्या मनात यायची. हे मी तुम्हाला का नाही सांगितलं?

गेल्या आठवड्यात भाऊजींनी नेमकं तेच पदक उचललं.

"आपल्या देवात त्याच्याच चांदीचा टाक होवा," ते म्हणाले. "एवढं बिल्लं हायत. ह्यो तं तिसऱ्या नंबरचा, गेला तं काय झालं?"

रागावू नका त्यांच्यावर. बोलताना त्यांचे डोळे भरले होते. तुमच्या हातची वस्तू देवात यावी, एवढंच त्यांच्या मनात होतं. मी फक्त ते पदक त्यांच्या हातातून घेतलं आणि परत कपाटात ठेवलं.

आज सकाळी मी सोनारकाकांकडे गेले. रुमालात माझी जोडवी होती. तुम्ही गेलात त्या दिवशी काढली, तेव्हापासून ती कुठे ठेवावी तेच कळत नव्हतं.

काका रुमालाकडे बघतच राहिले. "वहिनी, पायातली चांदी देवात? आधी घरी विचारा."

मी तिथूनच भाऊजींना फोन लावला.

"पायांतली चांदी? लोका काय बोलतीन, सुनंदा?"

"लोकांना कोण सांगतंय, भाऊजी? पदक वितळवलेलं यांना चाललं नसतं."

मग म्हणाले, "नाय चालला असता. माझ्यावर रुसला असता तो. तुझीच चांदी घाल."

काकांनी जोडवी मुशीत सोडली. मी बाहेर गेले नाही, तिथेच उभी राहिले. वितळायला काही वेळ लागत नाही हो.

परवा तो टाक मी स्वतःच्या हाताने बसवीन. आणि तुमच्या पदकांचं म्हणाल, तर मी आहे तोवर एकही आगीत जाणार नाही. पुढे कोणाला द्यायची वेळ आली, तर घेणारा आधी वजन विचारतो की नाव वाचतो, ते बघेन. नाव वाचेल, त्यालाच देईन.

तुमची,
सुनंदा