वरच्या कोंडाचा न भाजलेला राब

मी, विनीत गजानन पळसुले, वय ५६, राहणार महाड, एका दैनिकाचा तालुका वार्ताहर, हे शुद्धीवर राहून लिहितो. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. आहे तो रक्ताचा, आणि त्याची गोळी चालू आहे. माझे मन ठिकाणावर असल्याचा दाखला डॉ. रजिया देशमुख यांनी दिला आहे. देताना त्या हसत होत्या, हेही नमूद करतो.

कलम १. महाडातील दोन खोल्या भाचा ऋत्विक याला. संस्कृत पुस्तके मात्र शाळेला. ऋत्विक ती वाचणार नाही, विकणारही नाही. नुसती पाहुण्यांना दाखवील.

कलम २. मोटारसायकल मित्र मुराद याला. पंचवीस वर्षे तो मागे बसून तोंडाने ब्रेक लावत आला; आता पुढे बसून पायाने लावावा.

कलम ३. हे कलम मालमत्तेचे नाही, लबाडीचे आहे. तीही स्वकष्टार्जित.

१९४४ च्या मे महिन्यात, महायुद्ध चालू असताना, सरावाच्या विमानातून सुटलेला बॉम्ब आंबेनळी घाटाच्या पायथ्याला, वरचा कोंड नावाच्या वस्तीतल्या एका खाचरात न फुटता रुतला. खाचरात राब रचलेला होता, म्हणजे भाताच्या रोपांसाठी भाजायचा पालापाचोळा; तो त्याच सायंकाळी पेटायचा होता. सुरुंग हाताळणाऱ्या सफरमैना पलटणीतला, याच कोंडातला हैबती रजेवर घरी होता. त्याने माणसे पांगवली, एकट्याने चार तास बसून बॉम्बाची कळ काढली, आणि रजा संपताच लढाईवर गेला. परतला नाही. शौर्यपत्रात ठिकाण एवढेच : 'पोलादपूरजवळ'.

१९९८ साली मी त्यावर लेख लिहिला. वरचा कोंड तासाभराच्या चढणीवर, ऊन मी म्हणत होते. मी रस्त्याकाठी रावजींच्या हॉटेलात भजी खाल्ली आणि 'हीच ती जागा' असे लिहून मोकळा झालो. छापून आले, म्हणजे खरे झाले. गेल्या वर्षी समितीने तिथेच स्मारक उभारले. अध्यक्ष रावजी. मागे शौर्य, पुढे पार्किंग. शिळेवर श्लोक माझाच. पहिला शब्द 'अत्रैव', म्हणजे इथेच. वृत्त निर्दोष, जागा खोटी.

हैबतीची मुलगी ठमाबाई, वय ८५. बाप गेला तेव्हा चार वर्षांची. आईने तिला माहेरी पोलादपुरास नेले, ती पुन्हा वर आलीच नाही. बापाची जागा एकदा बघायची, एवढाच तिचा हट्ट. उद्घाटनाला ती शिळेपुढे उभी राहिली आणि म्हणाली, "माजा बाप हाटेलात बॉम्ब सोडवंल व्हय?" नारळ तसाच परत घेऊन गेली.

रावजींनी मला समजावले, "भाऊ, बॉम्ब कुठं पडला त्याला महत्त्व नाय. गाडी कुठं थांबते ते बघा."

यंदा मी चढलो. सत्तावीस वर्षे उशिरा. गावात बारा जणांनी तेरा जागा दाखवल्या. मग डोळ्यांनाच दिसले : सगळी खाचरे राब भाजून काळी, मधले एकच कोरे.

"इथे का भाजत नाही?"

"नाय भाजत."

"पण का?"

"आजा नाय भाजायचा."

कलम ४. माझ्या पश्चात ऋत्विकने ठमाबाईंना पाचाडच्या डोलीवाल्यांकरवी तिथे न्यावे. तोवर कलम १ लागू होऊ नये.

कलम ५. स्मारकाशेजारी फळी लावावी : 'इथे नाही. तासभर वर चाला. चूक माझी. वि. ग. पळसुले.' रावजी ती काढतील. फळ्या सहा करून ठेवल्या आहेत.

दुरुस्ती. कलम ४ रद्द. मसुदा ठमाबाईंना वाचून दाखवला, तेव्हा त्या म्हणाल्या, "तू मरायची वाट मी बगत बसू व्हय रे? आन् तू नाय मेलास तर?"

म्हणून आजच ऋत्विक, डॉ. देशमुख आणि मी अशा तिघांनी त्यांना डोलीतून वर आणले. कोरे खाचर त्यांनी एकदा नीट पाहिले. मग म्हणाल्या, "माज्या बापानं सोडवला, तरी लोक ऐंशी वरसं भ्याले? यवढाच इस्वास?" शेजारच्या बांधावरचा पाल्याचा भारा त्यांनी खाचरात टाकायला लावला आणि ऋत्विककडे हात केला, "काडी दे रे." गावकरी चार पावले मागे सरले. मीही. त्या जागच्या हलल्या नाहीत.

राब नीट भाजला.

साक्षीदार : डॉ. रजिया देशमुख, महाड. भागोजी अवकीरकर, डोलीवाले, पाचाड.

स्थळ : वरचा कोंड, त्याच खाचराचा बांध. अत्रैव.
दिनांक : ११ मे २०२५.

सही : वि. ग. पळसुले
(सही वाकडी आली आहे. कोणी भलता अर्थ काढू नये. धूर डोळ्यांत गेला होता.)