भावोजींची मांड

भिसेगाव, कर्जत
२२ फेब्रुवारी

ती. सौ. अंबूताईस,

धाकट्या सखाचा लांबूनच नमस्कार. (लांबूनच, कारण सध्या वाकता येत नाही. का, ते पुढं येईल.) तुझे गुडघे कसे आहेत, संगमनेरची थंडी सरली का, गच्चीतल्या गवती चहाला आता पाणी कोण घालतं, हे सगळं फोनवरच विचारलं असतं, पण तू फोन उचलत नाहीस. मेसेज केला की दोन निळ्या टिका येतात आणि पुढं शांतता. म्हणून काल काठी टेकत पोस्टात गेलो आणि कित्येक वर्षांनी पाकीट विकत घेतलं. खिडकीतल्या बाई म्हणाल्या, स्पीड पोस्टानं पाठवा, लवकर जाईल. म्हटलं तसंच पाठवतो, इथं मला दम निघत नाही.

मुद्दा तुझ्या यजमानांचा. भावोजी सात जानेवारीला एक बॅग घेऊन आले आणि "दोन दिवसांसाठी आलोय" म्हणाले. आज सत्तेचाळिसावा दिवस आहे. तुला ठाऊक आहे, मला एका जागी बसवत नाही. साजगावच्या कारखान्यात स्टोअरकीपर होतो तेव्हाही माझी खुर्ची शेवटपर्यंत नवीच राहिली. निवृत्त झाल्यापासून तर सकाळी दूध, मग पेपर, मग स्टेशनवर जाऊन गाड्या वेळेवर आहेत का ते बघणं (कुठं जायचं नसतं), मग दहिवलीपर्यंत स्कूटरवर एक चक्कर आणि परत. अशा माणसाच्या घरात भावोजींनी खिडकीशी खुर्ची ओढली आणि बसले. बसले म्हणजे बसले. मी घरात फेऱ्या मारायचो आणि त्यांची मान माझ्याबरोबर या भिंतीकडून त्या भिंतीकडं जायची, टेबलफॅनसारखी.

चौथ्या दिवशी त्यांनी तोंड उघडलं. तुमचं भांडण झालं ते तेव्हा कळलं. तू खुर्चीखाली झाडत होतीस, त्यांनी नुसते पाय वर घेतले आणि तू म्हणालीस, "पाच वर्षं मांड ठोकून बसलाय, खाली घोडा असता तर एव्हाना दिल्लीला पोचला असता." (वाक्य चांगलं आहे, ताई. मी हसलो. त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग मी उठून गॅस बंद आहे का ते पाहून आलो.)

पुढचं सगळं माझ्यामुळं झालं. रविवारी घरात जीव रमेना म्हणून त्यांना स्कूटरवर मागं बसवलं आणि दहिवली सोडून खोपोलीच्या रस्त्याला लागलो. तिथं एका कुंपणावर पाटी होती: "घोडेस्वारी शिका. मांड पक्की करून मिळेल." भावोजींनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "सखा, थांब." आयुष्यात पहिल्यांदा हा माणूस कशासाठी तरी स्वतःहून उतरला. घोडे याकूबभाईंचे. पूर्वी ते माथेरानला पर्यटकांना फिरवायचे, आता इथं तीन घोडे ठेवून सुट्टीला येणाऱ्यांना शिकवतात. हाताशी त्यांची मुलगी अनम, कॉलेज संपवून हेच करते. भावोजींनी मांड म्हणजे नेमकं काय ते विचारलं. याकूबभाई म्हणाले, "मांडीची पकड, सायेब. लगाम हातात असतो, पन घोडा मांडीत असतो. ती पकड नाय तर मानूस घोड्यावर बसलेला नाय, नुस्ता ठेवलेला हाय." भावोजींनी घोड्याकडं नीट बघून घेतलं. मग म्हणाले, "आमच्या घरी हा शब्द वेगळ्या अर्थानं वापरतात. उद्यापासून येतो."

सहासष्टाव्या वर्षी, ताई. मला वाटलं, एका दिवसात उतरतील. पण त्यांना पांढऱ्या घोड्यावर चढवलं, घोडा चालला, मग दुडक्या चालीनं धावला, आणि भावोजी जसेच्या तसे. खांदे सरळ, कंबर सैल, गुडघे आत. याकूबभाई कुंपणाशी येऊन मला हळूच म्हणाले, "पंचवीस वर्सं लोकांना बसवतोय, असा बसनारा मानूस नाय बगितला. आदी कुटं शिकलेत?" मी काय सांगणार? तुमच्या गॅलरीतल्या वेताच्या खुर्चीचं नाव घेतलं नाही.

रोज सकाळी त्यांना सोडायचं आणि तासभर कुंपणाशी उभं राहायचं, हे मला कसं जमावं? आठवड्यात मीही घोड्यावर चढलो. मला मंगळी दिली. (घोडी आहे. मंगळवारी जन्मली म्हणून आधीच्या मालकानं ते नाव ठेवलं, याकूबभाईंनी ते बदललं नाही.) गरीब जनावर, पण मी वर बसलो की तिचे कान हलायला लागत. मी स्कूटरला कुलूप घातलं का ते वळून बघायचो, घड्याळ बघायचो, रिकिबीतून पाय काढून परत घालायचो. अनम म्हणायची, "काका, तुम्ही बसतच नाही. सारखे उतरायच्या तयारीत असता." पोरगी माझ्या निम्म्या वयाचीसुद्धा नाही, पण ते बोलणं दोन दिवस डोक्यातून गेलं नाही.

अकरा तारखेला मी मंगळीवर होतो आणि खिशातला फोन वाजला. माझ्या फोनला शंखनाद लावलेला आहे. तिनं कान मागं टाकले. फोन काढून बघतो तर तुझं नाव. पाच आठवड्यांत तुझा पहिला फोन, तो घ्यायला मी लगाम सोडला, आणि मंगळी फाटकातून बाहेर. मला रस्ता आठवत नाही. एका टेंपोवाल्याचा चेहरा आठवतो, तिच्या मानेचा वास आठवतो आणि शंख वाजत होता ते आठवतं. शेवटी ती हिरूबाईंच्या नर्सरीत शिरली, झेंडूपाशी थांबली आणि खायला लागली. मी तिच्यावरून पुढं गेलो. हिरूबाई पाण्याची नळी हातात धरून म्हणाल्या, "आवो, पडायचं तर जास्वंदीत पडायचं, ह्यो गुलाब हाय."

मला उठता येईना. घोटा सुजत होता, लोक जमले, फोन वर करून शूटिंग करायला लागले. मंगळी कुणाला जवळ येऊ देईना, मागचे पाय झाडत होती, आणि मी तिच्या पायांपासून हातभर अंतरावर. तेवढ्यात भावोजी आले. पांढऱ्या घोड्यावर, दुडक्या चालीनं, याकूबभाई आणि अनम मागून धावत. ते ओरडले नाहीत, घाई केली नाही. घोडा माझ्या आणि मंगळीच्या मधे घातला, मांडीनं जरासा बाजूला सरकवला, खाली वाकून तिचा लगाम उचलला आणि तसेच बसून राहिले. ती झाडत होती, हे बसले होते. हळूहळू तिचे पाय थांबले. ताई, त्या माणसाला मी चाळीस वर्षं ओळखतो. पण मी त्या दिवशी त्यांना पहिल्यांदा बघितलं असं वाटलं. (मग अनमनं मला रिक्षात घातलं आणि मी रस्ताभर कण्हलो, तेही खरं आहे.)

डॉक्टरांनी दहा दिवस पाय टेकायचा नाही म्हणून सांगितलं. तुझी भावजय सुप्रिया जाऊन दोन वर्षं झाली, त्या दोन वर्षांत मी या घरात सलग तासभर जागेपणी बसलो नव्हतो. आता भावोजी पिठलं करायचे (मीठ विसरायचे) आणि माझ्या पलंगाशी खुर्ची ओढून बसायचे. एका दुपारी म्हणाले, "सखा, तू तिच्या खोलीत जात नाहीस, हे मी रोज बघतो." मला उठून जायचं होतं. पाय बांधलेला होता. म्हणून बसलो, आणि बऱ्याच दिवसांचं रडून घेतलं. त्यांनी काही समजूत घातली नाही. नंतर आपणहून बोलले. एसटी डेपोतून निवृत्त झाले त्याच्या दुसऱ्या दिवशी आंघोळ करून ते तुझ्याकडं डबा मागायला आले होते. अर्ध्या वाटेत लक्षात आलं, मग गॅलरीत जाऊन बसले. "उठून जायचं कुठं, तेच कळेना. हे अंबूला सांगायला हवं होतं." म्हटलं, मग करा की फोन. तर म्हणाले, "फोनवर मांड दिसत नाही."

तर ताई, मी आता थकलो आहे. एका घरात इतकी शांतता मला सोसत नाही. तरी तू लवकर येऊन आपला माणूस घेऊन जावंस, ही कळकळीची विनंती. मुलांना आशीर्वाद, तुझ्या गुडघ्यांना आराम.

तुझा धाकटा,
सखा

ता. क. हे पत्र लिहिल्याचं भावोजींना माहीत नाही. मी त्यांना बिनसाखरेची बिस्किटं आणायला पाठवलं आहे.

ता. क. दुसरा. त्या दिवशी तू फोन का केला होतास? मी नंतर अकरा वेळा लावला. रागावून केला असशील तर सांगू नकोस. दुसरं काही असेल तर मला नको, त्यांना सांग.

ता. क. तिसरा. येत्या रविवारी सकाळी ते घोड्यावरून उल्हास नदीपर्यंत जाऊन येणार आहेत, पहिल्यांदाच इतक्या लांब. नवीन शर्ट इस्त्री करून ठेवला आहे. कोण बघायला येणार म्हणून विचारलं तर म्हणाले, कोण येतंय.

ता. क. चौथा. काल सुप्रियाची खोली उघडली. जाजम झटकलं, उशांना ऊन दिलं. दोन पलंग आहेत तिथं. वर "घेऊन जावंस" असं लिहिलंय, ते खोडायचं राहिलं. परतीचं तिकीट काढू नकोस. नुसती ये.