औषधाचा म्हणून घेतलेला अंगठा

बाई, मला नात झाली. परवा, पुण्यात. नाक सुनेचं, रंग आमचा, आणि आवाज असा की शेजारच्या खाटेवरची बाळंतीण उठून बसली. हे आधी सांगते, कारण पुढं मी रागावणार हाय. सुनेला कळा सुटलेल्या, खाटेची दांडी धरून बसलेली, आणि दवाखान्यातली एक पोरगी कागद पुढं धरून म्हणती, "सही करा, सगळेच करतात." मी म्हटलं, "आधी वाचून दाखव." तर म्हणती, "आजी, तुम्हाला नाही कळायचं." मला न्हाई कळायचं. मुळशीच्या दवाखान्यात तुमच्या हाताखाली सात वर्षं आया होते मी. वाचून घेतलं तवाच सोडलं तिला. मुलगा चिडला माझ्यावर. चिडू दे.

तवा ती धनगराची बाई आठवली. दुसरं बाळंतपण, दोन दिवस अडलेली, नवरा मेंढरं घेऊन रानात, दारात म्हातारी सासू. बाळ जगलं, तिला ताप भरला. त्याच दिवशी कुटुंब नियोजनाची जीप येऊन उभी. तुमी आत बाळाला पुसताय, आणि डॉक्टरसाहेब मला म्हणतात, "अंगठा घे तिचा, ऑपरेशनला न्यायची आहे." फणफणलेल्या बाईला. तिचा अंगठा लोकर कातून घट्टे पडलेला, शाईसुद्धा नीट लागंना.

तुमी बाहेर आलात, शाई बघितलीत. "अंगठा कशाला दिलास गं?"

"औषिदाचा हाय म्हनं."

तुमी कागद उचललात. "साहेब, हिला ठाऊकच नाही हे कशाचं आहे. ताप उतरू दे, मी समजावून सांगते. हो म्हणाली तर मी स्वतः घेऊन जाते."

"सिस्टर, जीप रोज येत नाही. सासूला विचारा, ती हो म्हणेल."

सासू दारातनं म्हणाली, "माजं काय इचारता? पोटात तिनं वागवलंय."

तुमी कागद फाडलात. जीप रिकामी गेली. तिसऱ्या दिवशी ताप उतरल्यावर तिच्यापाशी बसून तुमी सगळं सांगितलंत. ती म्हणाली, "अजून एक हुंद्या, मग बगू." तुमी म्हणालात, "बरं." झालं. एवढंच तर करायचं होतं. गरीबाची बाई म्हणजे काय दावणीची म्हस हाय, की वेसण धरली आणि नेली? आणि त्यापायी तुमची बदली, पार दुसऱ्या जिल्ह्यात. ती आठवण झाली की अजून माझं डोकं तापतं.

पण बदली कागद फाडला म्हणून झाली न्हाई. साहेबांनी खोटं सांगून अंगठा घेतला, असं तुमी वरच्यांना लिहिलंत. साहेब म्हणाले, मी त्या बाईशी बोललोसुद्धा नाही. मग तुमी उगाच आळ घेतला असं ठरलं. बाई, ते खरं बोलत होते. त्यांनी नुसता अंगठा घे म्हटलं होतं. "कशाचा गं?" असं तिनं मला विचारलं, आणि औषधाचा हाय, असं मी म्हणाले. चौकशी झाली तवा मी भिंतीशी उभी होते, कुणी आयाला विचारलं न्हाई, मीबी तोंड उघडलं न्हाई. आता तुमचा पत्ता कुणापाशी न्हाई, म्हणून लिहायला धीर झाला. मला कुणी शिकवलं नव्हतं तसं सांगायला. मला घरी जायला पौडची एस्टी गाठायची होती, एवढंच.