शारीने खाल्लेली कोंबडी

तिसाकाठ, २० जानेवारी १९६२

चि. शारीस,

आजीचे अनेक आशीर्वाद. तुला एक आजी आहे, ती जिवंत आहे आणि तिचे कान शाबूत आहेत, एवढं तरी आठवतं का, की पोहण्याच्या तलावातल्या औषधाने तेही धुऊन निघालं? लिहिता तुला येतं, मला येत नाही. आणि पत्रं मात्र मीच पाठवते. नाताळापासून तुझी एक ओळ नाही. पोस्टातली विल्मा दारावरून जाताना हल्ली माझ्याकडे बघतसुद्धा नाही, बिचारीला लाज वाटते. तिलाच आत ओढून हे लिहायला बसवलंय.

इकडे डुक्कर कापून झालं. या वेळी सॉसेजात लाल मिरची तुझ्या काकाने घातली, त्यामुळे सगळं घर पाणी पीत बसलंय. तुझा वाटा धुराड्यात टांगलाय.

आता कामाचं. शनिवारी रेडिओवर तुझं नाव तिसरं आलं. दोन वर्षं अख्ख्या देशात उताणं पोहण्यात जी पहिली, ती तिसरी कशी? मधल्या दोघी काय आभाळातून पडल्या? खरं काय ते कळव. नववर्षाच्या दिवशी वर्षाच्या दैवासाठी मसूर खाल्लेस ना? कोंबडीला शिवली नाहीस ना?

लोभ असू दे. नसला तर निदान उत्तर असू दे.

तुझी आजी
(अक्षर विल्माचं, तोंड माझं)

बुडापेस्ट, १ फेब्रुवारी १९६२

ती. आजीस,

शारीचा सा. न. वि. वि. रागावू नकोस, म्हणजे आधी सगळं वाचून घे आणि मग रागव. विल्मामावशी, हे तिला सावकाश वाचून दाखव.

मी मसूर खाल्ले नाहीत. नववर्षाला आम्ही सराव-शिबिरात होतो. भटारखान्यात मसूर नव्हते, डुक्कर नव्हतं, होती फक्त कोंबडी. सकाळी सहा किलोमीटर पोहून आलेलं माणूस काय करणार? दोन तंगड्या खाल्ल्या. तिसरीही खाल्ली, ती माझ्याबरोबर पोहणाऱ्या योलानची होती. खाताना तुझा चेहरा समोर येत होता, पण तो मी रश्शात बुडवला.

शिबिराच्या नवव्या दिवशी भरधाव पोहत असताना माझं डोकं भिंतीवर आपटलं. चार टाके पडले. टाके सुकले, पण भीती राहिली. उताणं पोहताना भिंत दिसत नाही, आजी. किती हात मारले की भिंत येते ते मोजायचं आणि त्या मोजणीवर विश्वास ठेवायचा, एवढंच असतं. माझा तो विश्वास गेलाय. भिंत तीन हातांवर असतानाच माझी मान आपोआप वळते, वेग पडतो आणि दोघी पुढे निघून जातात. लोरिंत्समास्तर ओरडत नाहीत, नुसता उसासा टाकतात. त्यापेक्षा ओरडलेले बरे.

अठरा मार्चला निवडीची शर्यत आहे. पहिल्या दोघी उन्हाळ्यात जर्मनीला स्पर्धेसाठी जाणार, बाकीच्या घरी. मी मास्तरांना अजून सांगितलेलं नाही, पण मिरचीच्या गिरणीत जागा आहे असं काका म्हणत होता. विचारून ठेवतेस का?

तुझी
शारी

तिसाकाठ, ९ फेब्रुवारी १९६२

चि. शारीस,

आशीर्वाद. गिरणीत विचारणार नाही. तिथे शिंकणाऱ्या बाया पुष्कळ आहेत.

कोंबडीचं ऐकून मी तडक पाद्रीबाबांकडे गेले. ते म्हणाले, ही सगळी अंधश्रद्धा. त्यांच्या स्वयंपाकीणबाईंना विचारलं, तर नववर्षाला बाबांनी मसूर तीनदा वाढून घेतले होते. तेव्हा बाबांचं राहू दे. घरी येऊन मी स्वतःच विचार केला.

कोंबडी माती मागे उकरते, म्हणून त्या दिवशी ती खाल्ली की वर्षाचं दैव मागे जातं. बरोबर. पण हे पुढे तोंड करून चालणाऱ्यांसाठी. तू पाठ पुढे करून जातेस. मागे उकरणारी कोंबडी तुला नाही लाभायची तर कोणाला? डुक्कर नाकाने पुढे ढोसतं. ते खाल्लं असतंस तर भिंत फोडून रस्त्यावर गेली असतीस. चार टाक्यांवर निभावलं ते त्या तंगड्यांमुळे. योलानची खाल्लीस तेही बरंच केलंस.

आता दुसरं. तुझ्या आजोबांनी चाळीस वर्षं नदीच्या या काठावरून त्या काठाला नाव वल्हवली. वल्हवणारा काठाकडे पाठ करून बसतो, हे तुला सांगायला नको. तू त्यांच्या पायाशी बसायचीस. पाणी उतरलेलं असलं की साठ वल्ही मोजायचे, पूर आला की नव्वद. एकदा धुक्यात नाव अशी आदळली की डॉक्टरांच्या सासूबाई चिखलात बसल्या. दुसऱ्या दिवशी लोक पुन्हा नावेत बसले आणि आजोबा पुन्हा पाठ करून बसले. ते म्हणायचे, काठावर आदळल्याचं कोणी रडत नाही. काठ आलाच नाही तर रडतात.

भिंत येणारच आहे, पोरी. तिच्यासाठीच तर निघालीस. मोज, आणि आदळ.

माया आटू देऊ नकोस.

तुझी आजी

ता. क. हे विल्मा आपल्या मनाने लिहीत आहे. टाक्यांची ओळ तुझ्या आजींनी माझ्याकडून चार वेळा वाचून घेतली. दोन दिवस सूपसुद्धा घेतलं नाही. तुला लिहिलंय हे त्यांना कळू देऊ नकोस.

बुडापेस्ट, १९ मार्च १९६२

ती. आजीस,

सा. न. वि. वि. दुसरी आले. पहिली योलान. मी तंगडीची कबुली दिली, तेव्हा म्हणाली की ती तिने मुद्दामच ताटात टाकली होती, तिची आजीही तुझ्यासारखीच आहे.

वळणापर्यंत मी मोजत होते. परतताना शेवटच्या तीन हातांवर मान वळायला लागली, खोटं कशाला सांगू. मी दात आवळले आणि छताकडे बघत राहिले. मग भिंत आली. अशी आली की करंगळी सुजून सॉसेजएवढी झालीय. हे पत्र त्यामुळेच वाकडंतिकडं. तिसरीपेक्षा मी एका हाताने पुढे होते. लोरिंत्समास्तरांनी उसासा टाकला नाही. टोपी पाण्यात टाकली.

जूनमध्ये जर्मनीला निघायचं. आजी, तिकडून तुझ्यासाठी काय पाठवू? गळ्यातला रुमाल, चॉकलेट, काय हवं ते सांग.

तुझी
शारी

तिसाकाठ, २७ मार्च १९६२

चि. शारीस,

आशीर्वाद. दुसरी आलीस, छान झालं. पहिल्या येणाऱ्या मुली फार बोलतात, असं विल्मा म्हणते. ती स्वतः कशातच पहिली आलेली नाही, तरी तिला माहीत आहे. पत्र आलं तेव्हा मी रडले, असं ती सगळीकडे सांगत फिरतेय. मी कांदा चिरत होते.

करंगळीला पाळीव बदकाची चरबी लाव, रानटी बदकाची नको. मास्तरांना म्हणावं, नवी टोपी शिवून देते, डोक्याचं माप पाठवा.

मी या काठावरून त्या काठाला जाण्यापलीकडे कुठे गेलेली नाही. जर्मनी कुठे आहे ते विल्माने टेबलावर मीठ सांडून दाखवलं. मला मीठच दिसलं. तेव्हा रुमाल नको, चॉकलेट तर नकोच, पाठवलंस तर परत येईल. तिथे तुमच्या ताटात रोज जो पाव येतो, त्याचा एक जाड तुकडा कापडात बांधून टपालाने पाठव. लोणी लावू नकोस, वाटेत खवट होईल. वाळला तर वाळू दे, मी दुधात भिजवून खाईन. माझी पोर कशावर पोहतेय ते मला चाखून बघायचंय. कडेचा पाठव, मधला नको.

तुझी आजी