सहा महिने बसप्पा, सहा महिने मी

१३ जुलै, रविवार
सोसायटीच्या कमिटीचा निकाल लागला. सात जागा, मुदत पाच वर्षं. आमच्या पॅनेलचे तीन : मी, वरच्या मजल्यावरचा युवराज आणि तळमजल्यावरच्या बजाबाई. बसप्पाच्या पॅनेलचे तीन. उरल्या धनलक्ष्मी मॅडम, हायस्कूलच्या मुख्याध्यापिका, त्या कुणाच्याच नाहीत. आता या सातजणांनी चेअरमन निवडायचा. म्हणजे मला. बत्तीस वर्षं पाटबंधारे ऑफिसात काढली, शेवटची नऊ हेडक्लार्क म्हणून. रिटायर झाल्यापासून माझी सही फक्त कुरियरवाला घेतो. जुळे सोलापूरला अनुभवी माणसाची गरज आहे.

सायं. ७
मॅडम म्हणाल्या, त्या कुणालाच मत देणार नाहीत, दोघांनी समजुतीनं घ्यावं. तीन-तीन. पेच.

१५ जुलै
बसप्पा घरी आला. हार्डवेअरचं दुकान, गाव अक्कलकोटकडचं. प्रचारात तो मला 'फाईलवाले' म्हणत होता, मी त्याला 'खिळेवाला'. आज दोघांनाही काही आठवत नव्हतं. त्याची ऑफर : सहा महिने तो चेअरमन, सहा महिने मी, असं आळीपाळीनं. तोवर सेक्रेटरी मी. शिवाय बंद पडलेली लिफ्ट दसऱ्याला चालू, आणि माझ्या स्कूटरला शेडखाली जागा. "संक्रांतीला गड्ड्याची यात्रा, त्याआधी खुर्ची तुमाला देतो की साहेब. शब्द हाय आमचा."

मी म्हणालो, मग पहिले सहा महिने मीच घेतो. तो म्हणाला, "घ्या की."

इथं मी सावध झालो. एवढ्या सहज देतोय म्हणजे पहिल्या सहा महिन्यांत नक्की काहीतरी भानगड आहे. म्हणालो, छे छे, आधी तुम्ही.

तो गेल्यावर ही म्हणाली, "तो देत हुता की! घेतलं का न्हाई?" अकलूजचं माहेर, घरात दोन-दोन चुलते कारखान्याचे संचालक, तरी राजकारण कळत नाही.

१६ जुलै
विरोधकाच्या शब्दावर विश्वास ठेवायचा नसतो, कागदावर ठेवायचा असतो. बसप्पाकडून तारीख न घातलेला राजीनामा लिहून घेतला. मसुदा माझा. त्यानं वाचलासुद्धा नाही, लगेच सही ठोकली.

वाचला का नाही? संशयास्पद.

१७ जुलै
सही कानडीत आहे! काल लक्षातच आलं नाही. 'हे मला मान्य नाही' असंही लिहिलेलं असू शकतं. सात रस्त्याजवळ एका पानपट्टीवाल्याला कानडी येतं. त्याला दाखवली. तो म्हणाला, "बसप्पा लिवलंय."
अजून काही?
"न्हाई. बसप्पाच."
राजीनामा कपाटात, लॉकरमध्ये ठेवला. किल्ली माझ्याकडे.

१० ऑगस्ट
स्कूटरला शेडखाली जागा मिळाली. जमिनीवर पिवळ्या रंगानं 'घाडगे' असं माझं नावही घातलंय. मला गाफील ठेवायचा प्रयत्न आहे. आजपासून रोज लेखी नोंद ठेवायची.

२ सप्टेंबर
नोंद ठेवायची राहिली. नोंद घेण्यासारखं त्यानं काही केलंच नाही, हा माणूस हुशार आहे.

२ ऑक्टोबर, दसरा
लिफ्ट चालू झाली. अगदी दसऱ्यालाच. बसप्पानं नारळ फोडायला मला पुढं केलं. तिसऱ्या मजल्यावरचे लोक टाळ्या वाजवत होते. बजाबाई तळमजल्यावर राहतात, तरी चार वेळा वर जाऊन आल्या.
माणूस एक वचन पाळतो तेव्हा दुर्लक्ष करावं. दोन पाळली की जपून राहावं. लिफ्ट ही त्याची इमेज-बिल्डिंग आहे. मी तत्त्वासाठी जिन्यानंच जाणार.

६ ऑक्टोबर
गुडघा. लिफ्टनं गेलो. लिफ्ट सोसायटीची आहे, बसप्पाची नाही.

२३ नोव्हेंबर
युवराजला विचारलं, बसप्पा काय डाव टाकेल? तो लॅपटॉपवरून मान वर न करता म्हणाला, "काका, त्यानं आत्तापर्यंत सगळं केलंय की." नव्या पिढीला इतिहासच माहीत नाही. या राज्यात केवढी केवढी माणसं खुर्ची सोडतो म्हणाली आणि चिकटून बसली. खिळेवाल्याचं काय घेऊन बसलात?

२८ डिसेंबर
दोन आठवडे राहिले. बसप्पा जिन्यात भेटला. हसला. म्हणाला, "अकरा तारखेला मीटिंग लावा साहेब. राजीनामा देतो, तुमचं नाव मीच सुचवतो." स्वतःहून! मी काही बोललो नव्हतो, तरी!

अख्खी दुपार विचार केला. त्याचा डाव लक्षात आला. तो राजीनामा देणार, माझं नाव सुचवणार, आणि चिठ्ठ्या टाकताना त्याची तिन्ही मतं परत त्यालाच. धनलक्ष्मी मॅडमना त्यानं आधीच फोडलेलं असणार. तीन अधिक एक, चार. मी तोंडावर आपटणार, तेही माझं नाव त्यानंच सुचवल्यावर. काय डोकं आहे!

पण समोर घाडगे आहे.

४ जानेवारी
मास्टरस्ट्रोक. धनलक्ष्मी मॅडमच्या घरी गेलो. सांगितलं, आमची तीन मतं तुम्हाला देतो, तुमचं चौथं, तुम्ही चेअरमन. फक्त महिन्याभरानं राजीनामा द्यायचा आणि मला पाठिंबा. त्या वह्या तपासत होत्या. चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "बघू."
शिक्षिका आहेत, 'बघू' म्हणजे होच. अशा माणसांचा तोंडी शब्द पुरतो.

युवराज म्हणाला, "काका, सरळ स्वतःलाच मत द्या की." त्याला समजावलं. बजाबाईंना समजावलं नाही, चिठ्ठीवर काय लिहायचं तेवढं सांगितलं.

११ जानेवारी, रविवार
दु. १२.३०. सविस्तर नंतर. डोकं दुखतंय.

दु. ४
जे झालं ते असं. क्लबहाऊस नाही म्हणून मीटिंग पार्किंगमध्ये. बसप्पा उठला, राजीनामा दिला. नवा लिहून आणला होता, माझ्या लॉकरमधला लागलाच नाही. मग म्हणाला, "घाडगे साहेबांचं नाव सुचवतो." मी मनात म्हणालो, सगळं स्क्रिप्टप्रमाणे चाललंय. धनलक्ष्मी मॅडमचं नाव युवराजनं सुचवलं. चिठ्ठ्या वाटल्या. पेन हातात घेतलं तेव्हा एक क्षण बसप्पाकडं पाहिलं. तो माझ्याकडं पाहून मान हलवत होता, काळजी करू नका, अशा अर्थानं. तेव्हाच पक्कं केलं. मॅडमचं नाव लिहिलं.

सेक्रेटरी या नात्यानं चिठ्ठ्या मीच मोजल्या. धनलक्ष्मी मॅडम चार. घाडगे तीन. बसप्पा शून्य.

दोनदा मोजल्या. बसप्पा शून्यच.

मॅडमनी आभार मानले आणि पुढच्या साडेचार वर्षांचा आराखडा वाचून दाखवला. टाईप केलेला होता. सहा पानं. महिन्याभराचा विषय काढावा म्हणून मी उठलो, तर त्या म्हणाल्या, "घाडगे, बसा. शेवटी प्रश्न." बसलो.

१२ जानेवारी
प्रोसिडिंग लिहिलं. अभिनंदनाच्या ठरावाला सूचक म्हणून माझंच नाव घालावं लागलं.

संध्याकाळी बसप्पा आला. रागात येईल म्हणून मी तीन मुद्दे तयार ठेवले होते. तो शांतपणे बसला. हिनं चहा दिला.

"साहेब, माज्या पॅनेलच्या दोघांचा तुमच्यावर भरवसा नव्हता," तो म्हणाला. "फाईलवाला हाय, पलटी मारंल म्हणत हुते. मी म्हटलं, आपण शब्द दिलाय, आपली तीन त्यांनाच. तिघांनी चिठ्ठ्या एकमेकांना दाखवून टाकल्या. आमची तीन तुमाला पडली. ते मोजलंत न्हवं तुमी?"

मी म्हणालो, मोजलं.

"मग तुमचं सोताचं कुटं गेलं?"

ही स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तयार ठेवलेल्या तीन मुद्द्यांपैकी एकही लागू होत नव्हता. मी म्हणालो, गुप्त मतदान आहे, असं विचारायचं नसतं.

"बरं की," बसप्पा म्हणाला. चहा संपवला, चपला घातल्या, गेला.

ही कप उचलून आत गेली. विचारलं असतं तर समजावून सांगितलं असतं.