न मोडणारी पिन

तीर्थरूप मामांना भाच्याचा वाकून नमस्कार. कंबर लेथसमोर किती वेळ उभं राहू देते आता? मामींचा गुडघा काय म्हणतो? इकडे आम्ही सगळे ठीक आहोत (या ‘ठीक’चा खुलासा खाली येतोच).

तुम्ही पाठवलेली पिन मिळाली. काय देखणं काम! इथल्या नव्या हॉस्पिटलात जमिनीखालच्या पाइपातून थेट ऑपरेशनच्या खोलीपर्यंत जाड केबल ओढायची होती. केबल खेचणाऱ्या विंच यंत्राचा दोर आणि केबल यांच्यामध्ये कंपनीची एक पिन असते. ती एका दिवसात तीनदा मोडली. पहिल्यांदाच मुकादम झालेला मी, सगळी माणसं माझ्या तोंडाकडे बघतायत (केबल सरकावी म्हणून पाइपात साबणाचं पाणी ओतणारा तर हसतही होता), डोकं फिरलं आणि तुम्हाला तसलीच पण मजबूत पिन करायला कळवलं. कशाला हवी ते लिहिलंच नाही. चाळीस वर्षांत ज्यांच्या हातचं काही मोडलं नाही, नेमकं त्यांनाच कळवलं.

तुमची पिन लावली आणि केबल आत गेली. विंच जरा कण्हलं, ताणाचा काटा लाल पट्ट्याच्या पलीकडे गेला, पण काटाच बिघडला असेल अशी मी स्वतःची समजूत घातली. टाळ्या झाल्या, चहा झाला. मग बाहेर आलेल्या टोकाकडे लक्ष गेलं. केबलवर मीटरामीटराला आकडे छापलेले असतात. सहज टेप लावला, तर एकेक मीटर अंगठाभर जास्त भरला. तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला, की ताण फार झाला तर केबल वाचावी म्हणूनच कंपनीची ती पिन मोडत होती.

तपासणीत केबल पास झाली आहे. साहेबांनी पाठ थोपटली. सोमवारी वीज सोडणार. केबल ताणली गेली हे फक्त मला माहीत आहे. टेबलावर पोट उघडलेला माणूस आणि गेलेले दिवे, एवढंच डोळ्यांसमोर येतं, मामा. फार भीती वाटते.

तुमचा भाचा (अजून तरी मुकादम)

ता. क. : पत्र टाकायचं राहिलं ते बरं झालं. आज सकाळी साहेबांसमोर टेप लावला. केबल काढून नवी ओढणार. मुकादमकी गेली; साबणाचं पाणी आता मी ओततो.

आणखी एक : खरं काम हे. कंपनीच्या पिना संपल्या. सोबत मोडक्या पिनेचे तुकडे पाठवतोय. याच मापाच्या, याच धातूच्या सात करा, त्यातली एक वजन टांगून मोडा आणि किती वजनाला मोडली ते लिहा. तुमच्या जिवावर येईल, ठाऊक आहे. पण जाड करू नका, माझी शपथ.

शेवटचं : साहेबांनी तुमची पिन बराच वेळ हातात फिरवली आणि विचारलं, “इतकं सुरेख काम कुणाचं?” तुमच्यावर ठपका नको म्हणून बाजारातून आणली म्हणालो. एवढं वाईट मला मुकादमकी गेल्याचंही वाटलं नाही.