शेजारची जागा

२ तारीख, सोमवार
येत्या शनिवारी कॉलेजात वादसभा. धार्मिक अनुभव शक्य आहे का, आणि आला तर त्यावर विश्वास ठेवावा का. मी विरोधी बाजूने. विषय हातचा मळ आहे.
बायकोची गाठ काढावी लागणार. ऑपरेशन सोळाला. घरात शांत राहायचं, असा संकल्प.

४, बुधवार
ती माझ्यापेक्षा शांत. कारण विचारलं. म्हणाली, एक्स-रेच्या बाहेर बाकावर बसले होते, तर शेजारी कुणीतरी येऊन बसलं. दिसलं नाही, पण होतं. तेव्हापासून भीती गेली.
विचारलं, कोण? म्हणाली, अहो, ओळखपत्र नाही मागितलं.
उदाहरण चांगलं आहे.

७, शनिवार, संध्याकाळ
जिंकलो. तिचं उदाहरण दिलं, अर्थात नाव न घेता. भीती, रिकामं पोट, थंड बाक : झाला अनुभव. टाळ्या. समोरच्या बाजूचे गणिताचे सर म्हणाले, उपाशीपोटी केलेलं गणित चुकतंच असं नाही. लोक हसले. दुर्लक्ष केलं.
बायको तिसऱ्या रांगेत होती. येताना गप्प. मुद्दा पटला असावा.

१०, मंगळवार
पटला. चहाचा कप दोन्ही हातांनी धरते. म्हणाली, पोट रिकामंच होतं त्या दिवशी, तुमचं खरं आहे.
मेहुणीचा फोन. म्हणाली, भाऊजी, सभा जिंकलात ना, आता ताईला जेवायला घाला.

१२, गुरुवार
उलट बाजू मांडून पाहिली. मत बदललेलं नाही. केवळ पद्धत म्हणून. म्हटलं, डोळ्यांवर ठेवतो तसा अशा अनुभवावरही विश्वास ठेवावा, संशयाला कारण मिळेपर्यंत.
म्हणाली, कारण तुम्हीच दिलंत की. माईकवर.

१४, शनिवार
सुचवलं, पुन्हा त्या बाकावर जाऊन बसू, परत अनुभव घे.
म्हणाली, अनुभव येतो हो. असा घेता कुठे येतो.
हा व्याकरणाचा मुद्दा झाला. उत्तर उद्या देईन.

१५, रविवार
उत्तर नाही.

१६, सोमवार, सकाळ
तिला आत नेलं. हात सुटत नव्हता. नर्सने बोटं एकेक करून सोडवली. माझी.
एक्स-रेबाहेरच्या त्याच बाकावर बसलो. निव्वळ निरीक्षण म्हणून. पोट रिकामं, बाक थंड, भीती पुरेशी. सगळ्या अटी पूर्ण. काही झालं नाही. एका प्रयोगावरून निष्कर्ष काढू नये. थोडा सरकून बसलो.
एक गृहस्थ आले. म्हणाले, इथे कुणी आहे का?
आहे, म्हणालो.